गावची पांढर आणि उत्खनन: कोल्हापूर भागात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचगंगा, भोगावती, कासारी, दूधगंगा, हिरण्यकेशी, कुठल्याही नदीच्या काठानं फिरा, एखादं टेकाड असं दिसतंच जिथली माती आजूबाजूच्या काळ्या रानापेक्षा वेगळी, भुरकट पांढरी असते आणि पायाखाली खापरं करकरतात. त्याबद्दल लोक जे प्रश्न परत परत विचारतात त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय.

पांढर म्हणजे नक्की काय? माती पांढरी का होते?

काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढर म्हणजे वस्तीची जमीन, हे घरातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, सांगतील. माणसं एका जागी शेकडो वर्षं राहिली की मातीच्या भिंती पडतात, त्याच मातीवर नवीन भिंती उभ्या राहतात, चुलीची राख रोज बाहेर पडते, शेण, हाडं, भुसा, मोडकी भांडी, सगळं तिथंच साठत जातं. राखेमुळं आणि चुन्याच्या अंशामुळं रंग बदलतो, हाडं आणि शेणामुळं फॉस्फरस वाढतो. म्हणून पांढर ही निसर्गानं केलेली माती नाही, ती माणसांनी राहून राहून तयार केलेली आहे, आणि जमिनीपेक्षा उंच दिसते ती पण त्यामुळंच.

आमच्या पांढरीत खापरं सापडतात. म्हणजे गाव हजार-दोन हजार वर्षं जुनं आहे का?

नुसत्या खापरांवरून नाही सांगता येत, खापरं शंभर वर्षांपूर्वीची पण असतात. पण कुठली खापरं आहेत त्यावरून बरंच कळतं. आतून काळी आणि बाहेरून लाल अशी पातळ गुळगुळीत खापरं, मोठ्या मापाच्या भाजलेल्या विटा, शिशाची जड नाणी, असं काही एकत्र दिसायला लागलं तर सातवाहन काळाचा संशय घ्यायला जागा आहे. रंगीत काचेच्या बांगड्यांचे तुकडे बऱ्याचदा मध्ययुगातले निघतात. जाणकारानं पृष्ठभागावर फिरून, कुठली खापरं कुठपर्यंत पसरलीत ते नकाशावर मांडलं की वस्ती साधारण केवढी होती, ती कधी वाढली आणि कधी आकसली याचा अंदाज येतो, आणि त्यासाठी एक फूट पण खोदावं लागत नाही. पहिली पायरी ही असते, कुदळ नाही.

कोल्हापुरात असं उत्खनन झालंय का?

झालंय, आणि गाजलेलं झालंय. पंचगंगेच्या काठची ब्रह्मपुरीची टेकडी. तिथं दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या काळात काशाच्या वस्तूंचा मोठा साठा हाती लागला, राजाराम कॉलेजचे प्रा. के. जी. कुंदनगार यांनी तिथं काम केलं आणि मग १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केलं, त्याचा अहवाल १९५२ ला छापून आला.

सगळ्यांना माहीत असतो तो तिथला पोसायडन, ग्रीकांच्या समुद्रदेवाची छोटीशी काशाची मूर्ती, जी रोमन व्यापारातून आली. समुद्रापासून एवढ्या आत, सह्याद्रीचे घाट चढून ती इथं पोचली म्हणजे कोकणातल्या बंदरांशी आपला केवढा संबंध असेल. सोबत काशाची सुरई, आरसा, हत्तीवर बसलेल्या स्वारांचं सुंदर शिल्प, हे पण होतं. पण मला विचाराल तर मूर्तीपेक्षा महत्त्वाचं आहे ते खालचं गाव. भाजक्या विटांची घरं, सातवाहनांच्या वेळची, त्याच्या वरच्या थरांत शिलाहार-यादवांचा काळ, आणि त्याच्याही वर बहामनी काळातली माणसं परत त्याच टेकडीवर नांदलेली, त्यांची नाणी, काचेच्या बांगड्या. एकाच जागी एकावर एक बसलेली ही गावं आहेत. त्याच भागात पूर्वी एका स्तूपातून दगडी करंडक मिळाला होता, त्याच्या झाकणावर ब्राह्मीत लिहिलंय की हे बम्हाचं दान आहे आणि धमगुतानं करवून घेतलं. नाणी काढली तर विळिवायकुर, शिवलकुर अशा 'कुर' नावाच्या राजांची शिशाची नाणी कोल्हापुरात भरपूर मिळालीत, आणि टॉलेमी या ग्रीक भूगोलकारानं दुसऱ्या शतकात बलेओकुरोस राजाच्या हिप्पोकुरा राजधानीचा उल्लेख केलाय ती म्हणजे आपलंच कोल्हापूर असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

पण ती तर राजधानी. साध्या शेतकऱ्यांच्या गावाचं उत्खनन कुठं झालंय?

इनामगाव. पुणे जिल्हा, शिरूर तालुका, घोड नदीच्या काठावर. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ इतकी वर्षं तिथं खोदलं, सांकलिया, म. के. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि भारतात एका खेड्याचा एवढा बारकाईनं अभ्यास फार कमी ठिकाणी झालाय. साधारण इसवी सन पूर्व १६०० ते ७०० इतका काळ, म्हणजे नऊशे वर्षं लोक तिथं राहिले. सुरुवातीला माळवा संस्कृतीची माणसं, मग जोर्वे, मग उत्तर जोर्वे, ही तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरणाऱ्या त्या काळातल्या शेतकरी संस्कृतींची नावं. शंभराहून जास्त घरं उघडी केली, जव हे मुख्य पीक, नदीच्या बाजूला पाणी वळवायला बांध आणि कालवा, आणि गावात एक पाच खोल्यांचं घर जे गावच्या म्होरक्याचं असावं असं मानतात कारण त्याच्या शेजारीच धान्याचं कोठार.

जे वाचून माझ्या अंगावर काटा आला ते सांगतो. लहान मूल गेलं तर दोन रांजणं घेऊन तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे, म्हणजे लेकरू घरातच राहायचं. मोठ्या माणसांना पुरताना बहुतेकांचे पाय घोट्याखालून तोडलेले, कदाचित त्यांनी परत उठून कुठं जाऊ नये म्हणून. पण एक माणूस वेगळा, चार पायांच्या मातीच्या मोठ्या रांजणात बसवलेला, पाय शाबूत. तो कोण होता? एका घराच्या जमिनीखाली मातीची छोटी डबी मिळाली, आत एक बाईची मूर्ती, झाकणावर दुसरी बिनडोक्याची मूर्ती आणि शेजारी बैल. कुणीतरी मुद्दाम, विचार करून ती तिथं ठेवली होती.

शेवटच्या काळात मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. ढवळीकरांचं म्हणणं, पाऊस कमी झाला, शेती परवडेना, लोक जनावरांच्या मागं हिंडायला लागले. दुष्काळानं गाव कसं खचतं ते आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

लोक एवढी शतकं एकाच जागेला का चिकटून राहिले?

पाणी जवळ, पण पूर लागणार नाही इतकी उंची. आपल्या नदीकाठच्या गावांना २०१९ आणि २०२१ चा पूर बघितल्यावर ही गोष्ट नव्यानं कळली, जुनं गावठाण बऱ्याच ठिकाणी वर आणि नवीन वसाहत खाली. टेकाड एकदा तयार झालं की ते स्वतःच उंची देतं, म्हणून पुढची पिढी पण तिथंच घर बांधते. शिवाय देव तिथला, विहीर तिथली, रस्ते तिथं येऊन मिळालेले.

उत्खनन म्हणजे नेमकं करतात काय? जेसीबीनं एका दिवसात होईल की.

जेसीबीनं खड्डा होईल, उत्खनन नाही. जागेवर चौकोनांची आखणी करतात, सुतळी आणि खुंट्या, साधारण पाच बाय पाच किंवा दहा बाय दहा मीटरचे ट्रेंच. दोन ट्रेंचच्या मध्ये मातीची भिंत न खोदता सोडतात, तिला बल्क म्हणतात. ती सोडायची कारण तिच्या उभ्या बाजूवर सगळे थर दिसतात, खाली काय, वर काय, कुठं राख, कुठं जमीन सारवलेली, कुठं पुराचा गाळ. ट्रेंच खोदला की तो संपला, तो परत कुणाला खोदता येत नाही, मग पुरावा उरतो फक्त त्या भिंतीवर आणि तुमच्या वहीत. त्यामुळं लिहिणं हे खोदण्याइतकंच मोठं काम आहे.

कुदळ हळूच चालवायची, मग खुरपं, मग टोकदार थापी आणि ब्रश. जमीन लागली की हाताला कळतं, सैल मातीत चालणारं हत्यार एकदम कडक, सपाट काहीतरी लागल्यासारखं होतं आणि रंग थोडा बदलतो. तिथं थांबायचं. ती सारवलेली जमीन असते, वरची माती नुसत्या ब्रशनं बाजूला करत गेलं की खांबाच्या खड्ड्यांची गोल गोल तोंडं दिसायला लागतात, लाकूड कधीच कुजून गेलंय पण खड्ड्यातली माती मऊ आणि गडद. असे खड्डे जोडत गेलं की घराचा आकार उभा राहतो. कोपऱ्यात लाल भाजलेली माती म्हणजे चूल. प्रत्येक वस्तूची तीन मापं घेतात, लांबी-रुंदी-खोली, आता टोटल स्टेशन म्हणजे मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र आणि ड्रोनचे फोटो असतात, पण वही, लेबल आणि पिशवी कुणाला चुकलेली नाही. निघालेली माती चाळणीतून जाते. काही माती पाण्यात ढवळतात, जळालेले दाणे वर तरंगतात, आणि त्यावरून लोक काय खात होते ते कळतं, कारण जो दाणा जळाला तोच हजारो वर्षं टिकतो, बाकीचा कुजतो.

खालचं जुनं आणि वरचं नवीन, एवढंच ना?

एवढं सोपं असतं तर बरं झालं असतं. हरिपूरच्या हळदीच्या पेवांचं उदाहरण घ्या, सांगलीकरांना माहिती आहेत, जमिनीत खोल खणून हळद साठवायची. समजा आज असं पेव खणलं तर ते खाली हजार वर्षं जुन्या थरात घुसणार, आणि उद्या ते बुजवलं तर त्यात आजची माती, आजची बाटली. मग हजार वर्षं जुन्या थरात प्लॅस्टिक सापडलं असं होणार. खोदणाऱ्याला आधी पेवाची कड ओळखावी लागते, त्यातली माती वेगळी काढावी लागते. तसंच घराच्या पायाचे चर, उंदरांची बिळं, झाडांची मुळं. जुन्या भिंतीचे दगड-विटा तर पुढच्या लोकांनी हमखास उचलून नेलेले असतात, भिंत गेलेली आणि तिच्या जागी रिकामा चर, तोच भिंतीचा पुरावा.

सोनं निघतं का?

बहुतेक वेळा नाही.

मग खापरांच्या एवढ्या पिशव्या का भरतात?

खापर कुजत नाही, गंजत नाही, कुणी चोरत नाही, आणि मडकं फुटलं की लगेच नवीन आणतात, त्यामुळं फॅशन बदलली की ती खापरांत आधी दिसते. खापराचा काठ मिळाला की भांड्याचं तोंड केवढं होतं ते कळतं, बुडाला काजळी असेल तर ते चुलीवर चढायचं, आतल्या बाजूला बोटांच्या समांतर रेघा असतील तर ते चाकावर घडलंय. कामाच्या ठिकाणी एक वेगळी मोकळी जागा असते, तिथं खापरं धुऊन, थराप्रमाणं वाळत घालून, प्रत्येक काठावर शाईनं नंबर टाकतात. कंटाळवाणं वाटेल पण गावाची खरी गोष्ट तिथंच बाहेर येते, ट्रेंचमध्ये नाही. सातवाहनांच्या जागेवर चक्राकार बारीक नक्षी दाबलेली काळी-करडी थाळी किंवा भूमध्य समुद्राकडून आलेल्या उंच सुरईसारख्या अँफोराचा एखादा तुकडा मिळाला तर लांबच्या व्यापाराचा पुरावा तो, राजाचा शिलालेख नसला तरी चालतो.

वय कसं काढतात?

थर बघून कुठलं आधी आणि कुठलं नंतर हे ठरतं, आकडा नाही. आकड्यासाठी कोळसा, जळालेलं धान्य किंवा हाड घेऊन कार्बन-१४ ची चाचणी करतात. जिवंत असेपर्यंत झाड, प्राणी कार्बन घेत राहतात, मेल्यावर कार्बन-१४ कमी कमी होत जातो, दर ५,७३० वर्षांनी निम्मा. साधारण ५०,००० वर्षांपर्यंत हे चालतं, आणि येणारी तारीख एकच वर्ष नसते, अमुक ते तमुक असा पट्टा असतो, त्यात झाडांच्या वलयांवरून दुरुस्ती करावी लागते. नाणी मिळाली तर फार मदत होते कारण राजाचा काळ माहीत असतो, पण नाणं वापरात किती वर्षं राहिलं ते माहीत नसतं, म्हणून नाण्यावरून 'याच्या आधीचं नाही' एवढंच म्हणतात.

सगळं टेकाड का खोदत नाहीत?

मुद्दामच. थोडं खोदायचं, बाकी पुढच्या पिढीला ठेवायचं. १९४५ मध्ये ब्रह्मपुरीत काम झालं तेव्हा कार्बन-१४ ची पद्धतच नव्हती, ती नंतर आली. आज जे टेकाड राहील त्यात वीस-तीस वर्षांनी डीएनए, मातीतले सूक्ष्म अवशेष, काय काय वाचता येईल. खर्च पण असतो, आणि जेवढे दिवस खोदाल त्याच्या कितीतरी पट दिवस अभ्यास आणि अहवालाला लागतात. अहवाल न छापता पडून राहिलेलं उत्खनन म्हणजे जागा नष्ट केल्यासारखंच आहे, हे माझं ठाम मत आहे.

आम्ही गावकऱ्यांनी मिळून थोडं खोदलं तर चालेल का? मेटल डिटेक्टर आहे एकाकडं.

नाही. उत्खननाला भारतीय पुरातत्व सर्वेक्षणाकडून परवाना लागतो, तो विद्यापीठ, संशोधन संस्था, राज्याचं पुरातत्व खातं यांना मिळतो. मेटल डिटेक्टरचं सांगायचं तर तो फक्त धातू दाखवतो आणि तो धातू काढायला तुम्ही थर फोडता. नाणं हातात येतं पण ते कुठल्या घरातलं, कुठल्या काळातलं, कुणाच्या चुलीजवळ पडलेलं, हे सगळं गेलं, आणि ते कितीही पैसे दिले तरी परत येत नाही. बाजारात नाण्याला किंमत असते, इतिहासाला किंमत असते ती नाण्याच्या जागेची.

रानात नांगरताना किंवा घराचा पाया काढताना काही सापडलं तर काय करायचं?

पहिली गोष्ट, तिथं काम थांबवा. वस्तू उचलली असेल तर घासू नका, लिंबानं-चिंचेनं तर अजिबात धुऊ नका, त्यावरची माती पण पुरावा असते. मोबाईलवर फोटो काढा, जवळ पट्टी किंवा पेन ठेवून, आणि लांबून जागेचा एक. लोकेशन चालू ठेवा. मग तलाठी किंवा तहसील कार्यालयात लेखी कळवा. १८७८ चा गुप्तनिधी कायदा आजही लागू आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही जमिनीत दडलेलं मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, लपवलं तर गुन्हा. आणि हे लोकांना माहीतच नसतं, की मालक कोणी निघाला नाही आणि सरकारनं घेतलं नाही तर कायद्यात शोधणाऱ्याचा तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाचा एक चतुर्थांश वाटा सांगितलाय. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते, देशाबाहेर न्यायला मनाई, विकायला परवाना. वस्तू घेऊन कोण दलाल आला तर सरळ नाही म्हणा.

कळवलं तर जमीन जाईल का?

हीच भीती सगळ्यात मोठी आहे आणि त्यापायी किती टेकाडं गुपचूप सपाट झाली असतील कोण जाणे. नुसत्या कळवण्यानं जमीन जात नाही. एखादी जागा राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित करायची असेल तर आधी अधिसूचना निघते आणि दोन महिन्यांत हरकत घेता येते. एकदा तशी जाहीर झाली की प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीप्रमाणं १०० मीटरच्या आत नवीन बांधकाम बंद आणि त्यापुढच्या आणखी २०० मीटरमध्ये परवानगी लागते, ही अडचण खरी आहे, ती लपवून उपयोग नाही. पण महाराष्ट्रातली बहुतेक पांढरीची टेकाडं कुठल्याच यादीत नाहीत. तिथं ग्रामसभेनंच ठरवलं तर खूप काही वाचतं.

पांढरीची माती पिढ्यान् पिढ्या शेतात टाकतोय. आता काय बिघडलं?

माती खरंच चांगली असते, फॉस्फरस आहे, राख आहे, म्हणून पूर्वजांनी टाकली, धाब्याच्या घरावर पण घातली. फरक एवढाच की पूर्वी बैलगाडी आणि फावडं होतं, वर्षाला चार गाड्या. आता ट्रॅक्टरची ट्रॉली आणि जेसीबी आहे, ऊसाचं रान सपाट करायला किंवा वीटभट्टीला माती द्यायला आख्खं टेकाड एका उन्हाळ्यात जातं. इनामगावला पंधरा वर्षं ज्याला लागली ते इथं पंधरा दिवसात गेलं असं होतं, आणि वाचायच्या आत गेलं. पांढरीतून एक ट्रॉली माती न्यायच्या आधी दुसरं खत बघा ना, एवढीच विनंती. अगदीच न्यायची असेल तर आधीच ढासळलेली कड घ्या, मधलं टेकाड सोडा, आणि खापरं दिसली तर फोटो.

पूर येऊन काठ खचला की खापरं उघडी पडतात. ती उचलू का?

बघा, फोटो काढा, पण कापलेल्या काठात अडकलेलं काही ओढून काढू नका. खचलेला काठ म्हणजे आयता सेक्शन, थर उभे दिसतात, न खोदता. पाणी ओसरल्यावर लगेच गेलं तर सगळ्यात स्पष्ट, कारण आठवड्यात वाळून भेगा पडतात आणि गवत येतं. पाय घसरण्याची भीती असते, एकट्यानं जाऊ नका.

हाडं निघाली तर?

माणसाची वाटली तर आधी पोलीस पाटलांना सांगा, ते रीतसर बघतील. जुनी आहेत असं कळलं तर तिथं हात न लावता पुरातत्ववाल्यांना येऊ द्या. इनामगावच्या दफनांची गोष्ट मुद्दाम सांगितली ती यासाठीच, हाड कुठल्या दिशेला, सोबत कुठलं मडकं, हे सगळं जागेवरच वाचावं लागतं.

मुलाला हे शिकायचंय. कुठं?

पुण्याचं डेक्कन कॉलेज, पुरातत्वाचं एमए तिथं होतं. इतिहासाचीच पदवी लागते असं नाही, भूशास्त्र, वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, रसायन, सगळ्यांची गरज पडते, जळालेले दाणे ओळखायला वनस्पतीशास्त्रवालाच लागतो. उन्हात दिवसभर बसायची तयारी आणि वही नीट ठेवायची सवय असली पाहिजे.

कोल्हापुरात यातलं काय बघायला मिळेल?

टाउन हॉल म्युझियम. इमारत चार्ल्स मँटनं बांधलेली, १८७० च्या दशकातली, आणि संग्रहालय उभं राहिलं तेच मुळात ब्रह्मपुरीच्या वस्तू ठेवायला. पोसायडनजवळ गर्दी होते, बघाच, पण त्याच कपाटांतली खापरं, मणी, मातीच्या वस्तू पण निवांत बघा, मुलांना घेऊन जा आणि कुठल्या थरातली आहेत ते विचारा. तिथून गावी परतल्यावर आपल्या पांढरीवर एक चक्कर मारा, टेकाडाच्या चारी बाजूंचे फोटो काढून तारखेसकट ठेवा, कारण पुढच्या वर्षी त्याची कुठली कड गेली ते त्या फोटोंवरूनच सांगता येईल आणि ग्रामसभेत तेच दाखवता येतील.